घरात आणखी कोणाला?

केनवड, १६ नोव्हेंबर

वैजयंती,

वर आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. 'सौ.' लिहायची सोय आपण ठेवली नाही. 'श्रीमती' लिहिलं तर ग्रामपंचायतीची नोटीस समजून तू फाडून टाकशील. म्हणून नुसतं नाव. तेवीस वर्षं संस्कृत शिकवतो आहे, पण एकवीस वर्षं न बोललेल्या सख्ख्या बहिणीला काय म्हणून हाक मारावी, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही.

पत्ता मावशीच्या रूपालीनं दिला. तिच्यावर चिडू नकोस, लग्नाची पत्रिका पाठवायची आहे असं मी तिला खोटं सांगितलं. कोणाचं लग्न, हे तिनं विचारलं नाही. आपल्या नातेवाइकांचा हाच एक मोठा गुण आहे. तुला फोन केला होता, पण तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून लावता आला असता. पण फोनवर मला फार सहज खोटं बोलता येतं. कागदावर जरा वेळ लागतो.

इकडे बरं आहे. आईचे गुडघे सोडले तर बाकीची आई ठणठणीत आहे. सोयाबीन घरात आलं, तुरीला शेंगा धरल्या. माझ्या वर्गात यंदा संस्कृत घेणारे अकरा आहेत. त्यातले चार मार्कांसाठी आले आणि सात चुकून.

माझी पौर्णिमा तू पाहिलेली नाहीस. दहावीत आहे. आठवीत असताना तिला थायरॉइड निघालं, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी चालू आहे. जरा अशक्त असते. काळजीचं काही नाही.

सहज विचारतो. तू अकरावी सोडलीस त्या वर्षी तुला नेमकं काय काय व्हायचं? रूपाली म्हणाली, तुलाही आता जन्माच्या गोळ्या आहेत. कसल्या? निव्वळ कुतूहल. खाली उज्ज्वलाचा नंबर दिला आहे. या पत्राचं तिला ठाऊक नाही, पण फोन आला तर ती उचलेल आणि नीट बोलेल. तिनं तुझं काही वाईट केलेलं नाही.

रामकिसन

ता. क. 'काळजीचं काही नाही' हे वाक्य पुन्हा वाचलं. कागदावरही जमतं म्हणायचं.


केनवड, ३० नोव्हेंबर

वैजयंती,

पोचपावतीवर तुझी सही आली. अक्षर अजून तसंच आहे, 'ज'चा पाय लांब. माझ्याकडे तुझं एवढंच लेखन आहे, म्हणून पावती जपून ठेवली आहे.

मागच्या पत्रात 'जरा अशक्त' लिहिलं होतं. तो 'जरा' काढून टाक.

पौर्णिमाचं वजन चार महिन्यांत सहा किलो उतरलं आहे. डॉक्टर म्हणतात थायरॉइड कमी असलं की वजन वाढतं. हिचं उलट कमी होतं आहे. सकाळी उठली की भिंत धरून उभी राहते. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. आठवड्यातून दोनतीनदा उलटी. पाय दुखतात, नुसते रात्रीच नव्हे, दिवसाही, वर्गात बसल्या बसल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, छातीचा फोटो झाला. सगळं नॉर्मल. काहीतरी सापडावं म्हणून देवाला हात जोडणारा बाप मी पहिलाच नसेन, पण कुठलं मागणं मागतो आहोत हे लक्षात आलं की हात खाली येतात.

शिवाय ती काळी पडते आहे. बोटांची पेरं, कोपरं, तळहाताच्या रेघा. आई म्हणते, "उन्हानं रापली पोट्टी." या थंडीत कुठलं ऊन? उज्ज्वलानं शेजारच्या सुंदरबाईंच्या सांगण्यावरून हळद, दही, बेसन सगळं लावून पाहिलं. पौर्णिमा म्हणाली, "आई, आता मले तेलात सोडशीन त भजे होते माहे." आम्ही सगळे हसलो. ती सगळ्यांत आधी थांबली, कारण तिला धाप लागली.

गोळीचा डोस आधी पन्नास होता, मग पंच्याहत्तर, आता शंभर. दर वेळी वाढवला की ती जास्त खचते. मी हे वाशीमच्या डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले आहेत, शांत आहेत. त्यांनी चष्मा काढला आणि मागे एकदा विचारलं होतं तेच गुरुवारी पुन्हा विचारलं, "गुरुजी, नीट आठवून सांगा. घरात आणखी कोणाला असले ग्रंथींचे आजार? आई, मावशी, आत्या?"

मी म्हणालो, "नाही. कोणालाच नाही."

भीती वाटली की माझी भाषा सोवळं नेसते. वर मी असंही म्हणालो की आमच्या कुलात आरोग्य उत्तम आहे. कुलात! डॉक्टरांनी 'कोणी नाही' असं लिहून घेतलं आणि डोस सव्वाशे केला.

येताना एस.टी.त पौर्णिमा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मालेगाव गेल्यावर डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, मले आत्या आहे ना?"

"आहे."

"मंग डॉक्टरले काहून नाही म्हटलं?"

"ती धडधाकट होती," मी म्हणालो.

तू धडधाकट होतीस का, वैजू? मला एवढंच कळव. एका ओळीत कळव. शिव्या घालायच्या असतील तर दुसऱ्या ओळीत घाल.

रामकिसन


केनवड, १४ डिसेंबर

वैजयंती,

बुधवारी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पौर्णिमा पडली. मी समोरच उभा होतो, मुलांना उच्चार बरोबर करायला लावत. ती पडताना दिसली आणि तरी मी ओळ पूर्ण होईपर्यंत थांबलो. सवय. ऋषिकेश नावाचे आमचे खेळाचे शिक्षक धावले, त्यांनी तिला उचललं. मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तालुक्याला सलाईन लावलं, दुपारपर्यंत तरतरीत झाली, घरी आणली. परीक्षेचं दडपण, असं सांगितलं. दोन दिवसांत पुन्हा तेच.

काल उज्ज्वला तिच्या दप्तरात वही शोधत होती. कंपासपेटीत कर्कटकाच्या जागी खडेमीठ होतं. मूठभर. मग उज्ज्वलाला आठवलं की लोणच्याच्या बरणीतला खार सारखा कमी होतो, फोडी तशाच राहतात. तिनं पोरीला समोर बसवलं.

"मीठ काहून खाते वं?"

"बरं वाटते," पौर्णिमा म्हणाली. "शाळेत चक्कर आली की एक खडा ठेवतो जिभेवर."

आई खाटेवर बसून शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वैजीबी अशेच खडे चोखे."

म्हणाली आणि तिचे हात थांबले. माझेही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. उज्ज्वलानं मात्र दोघांकडे पाहिलं.

ती आत गेल्यावर आई मला दबक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरले हे नको सांगू. पोरीच्या जातीचं दुखनं बाहीर सांगत नसतात. आत्याले होतं, भाचीले झालं, असं एकदा गावात झालं की सोयरीक कोन करीन?"

तिला दोष देऊ नकोस. हे वाक्य तुझ्या वेळीही तिनंच म्हटलं होतं, पण ते घेऊन तुझ्या सासरी, कारंजाला, गेलो होतो मी. आता ते लिहितो. गेल्या दोन पत्रांत ते लिहायचं टाळण्यासाठीच मी विनोद करत होतो.

लग्नाला सात महिने झाले होते. तुझ्या सासऱ्यांनी, दौलतरावांनी, निरोप पाठवला, सून उठत नाही, उलट्या करते, येऊन पाहा. मी गेलो. ओसरीवर सहा-सात माणसं बसलेली. दौलतराव मला मानानं वागवायचे, शिकलेला व्याही म्हणून. त्यांनी सरळ विचारलं, "गुरुजी, पोरगी पयलेपासून बिमार होती काय? असन त सांगून टाका. आमी इलाज करू." त्यांचा आवाज चढा नव्हता. तेव्हाही नव्हता, आताही मला तो तसाच ऐकू येतो.

मी हो म्हणालो असतो तर लग्नाच्या वेळी लपवलं हे उघड झालं असतं. फसवणारं घर ठरलो असतो. आजारी म्हटलं की दोष घराचा. आळशी म्हटलं की दोष फक्त तुझा. हा हिशेब मी चहाच्या एका घोटात केला. म्हणालो, "आजारी काही नाही. लाडात वाढली, कामचुकार आहे. तुम्ही कडक राहा."

तू दाराआड होतीस. बाहेर आलीस, चौकटीला धरून उभी राहिलीस. रडली नाहीस. म्हणालीस, "दादा, पुन्हा म्हण."

आणि मी पुन्हा म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे, मला माहीत नाही. दोन महिन्यांनी तू तिथूनही गेलीस, इकडेही आली नाहीस, नागपुरात मुलींच्या वसतिगृहात कामाला लागलीस एवढंच रूपालीकडून कळलं. मी कधी विचारायला आलो नाही. लोकांना सांगत राहिलो की बहीण तापट आहे. उज्ज्वलालाही लग्नानंतर हेच सांगितलं.

क्षमा मागायला लिहिलेलं नाही. त्यासाठी आधी वीस वर्षं होती. मला माझी मुलगी हवी आहे. काल तिचा हात हातात घेतला तर बांगडी कोपरापर्यंत सरकली.

तुला काय झालं होतं?

रामकिसन


अकोला, २० डिसेंबर

वैजयंती,

तुला सगळं उज्ज्वलानं फोनवर सांगितलंच आहे. तरी मी लिहितो. तिनं माझा भाग सांगितला नसेल.

गुरुवारी सकाळी मी शाळेची तयारी करत होतो. पौर्णिमाला आदल्या संध्याकाळपासून ताप होता आणि पोटात पाणी टिकत नव्हतं. उज्ज्वलाचा फोन वाजला. तिनं 'कोण बोलते' विचारलं आणि मग ती नुसती ऐकत राहिली. तिच्या तोंडावरून मला कळलं की तू आहेस. मी दाराआड थांबलो. हो, तसंच.

तिनं फोन कानाशी धरूनच पौर्णिमाचा ओठ वर केला. हिरड्यांवर शाईचे थेंब सांडावेत तसे डाग. दोन वर्षं आम्ही हिचं तोंड पाहतो आहोत आणि हिरड्या कोणी पाहिल्या नव्हत्या.

फोन ठेवून ती मला म्हणाली, "आजच अकोल्याले न्या म्हनते. उद्या नाई. आन् डॉक्टरनं घरचं इचारलं त त्याले खरं सांगाले सांग, म्हनते." मग एकदम तिचा आवाज फाटला. "त्याले म्हंजे तुमाले. काय खरं? तुमी मले काय सांगतलं नाई इतके दिवस?"

गावातल्या मदनसिंगची जीप दारात आली. मी सवयीनं पुढे बसू लागलो तर तो म्हणाला, "गुर्जी, मांगं बसा पोरीजवळ. तुमी समोर बसल्यानं गाडी जोरात पळत नाई." मागे बसलो. मालेगावपर्यंत ती हुंकार देत होती. पातूरच्या घाटात मी विचारलं, "पौर्णिमा, आलो बरं का," तर उत्तर नाही. उज्ज्वलानं तिच्या गालावर चापट मारली, नाव घेतलं, पुन्हा घेतलं. मी काहीतरी पुटपुटत होतो. स्तोत्र असेल असं वाटून नीट ऐकलं तर मी रामः रामौ रामाः म्हणत होतो. पाचवीच्या मुलासारखं. दुसरं काही आठवत नव्हतं.

दवाखान्यात नर्सनं तीनदा पट्टा बांधला, रक्तदाब लागेना. तरुण डॉक्टरीण आल्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या, तळहात पाहिले आणि मला विचारलं, "घरात आणखी कोणाला?"

"हो," मी म्हणालो. "माझ्या बहिणीला. पंधरा-सोळाव्या वर्षापासून. आम्ही लपवलं."

त्यांना शेवटचं वाक्य नको होतं. त्या पुढच्या कामाला लागल्याही होत्या. उज्ज्वलानं तुला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तू गोळीचं नाव सांगितलंस, त्यांनी रक्त काढलं, रिपोर्टची वाट न पाहता सुई टोचली, मिठाचं पाणी शिरेतून सुरू केलं.

तीन तासांनी पौर्णिमानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, शर्ट उलटा घातला तुमी." दिवसभर तसाच होतो. कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन बारीक ग्रंथी बसलेल्या असतात. त्यांचा रस आटला की अंगातलं मीठ टिकत नाही, रक्तदाब टिकत नाही, माणूस काळवंडत जातं. थायरॉइड आणि हा, दोन्ही आजार एकाच घरात, कधी एकाच माणसात हातात हात घालून येतात. आणि हा असताना नुसती थायरॉइडची गोळी वाढवत गेलं तर अंगात उरलेला थोडका रसही झपाट्यानं संपतो. म्हणून दर वेळी ती खचत होती. मी म्हणालो, "वाशीमच्या डॉक्टरांनी विचारलं होतं. दोनदा."

"मग?"

"मी नाही म्हणालो."

त्यांनी मान हलवली. "आणखी चार तास उशीर केला असता तर..." म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. आयुष्यभर मी मुलांना वाक्य पूर्ण करायला लावत आलो. हे एक अर्धं राहिलं ते बरं झालं.

पाय दुखण्याचं मात्र यातही नीट उत्तर नाही, असं त्या म्हणाल्या. कमी होईल, न होईल. पाहू. हा 'पाहू' आता आमच्या घरी राहायला येतो आहे.

संध्याकाळी जिन्यात बसून उज्ज्वलाला कारंजाचं सगळं सांगितलं. तिनं डबा उघडून मला पोळी दिली आणि स्वतः पौर्णिमाजवळ जाऊन बसली. अजून तिथेच आहे.

रामकिसन


केनवड, ४ जानेवारी

वैजयंती,

पौर्णिमा घरी येऊन आठ दिवस झाले. दीड किलो वाढली. वरण उकळताना आता ती मिठाच्या डब्याकडे पाहत नाही, उज्ज्वला पाहते. तू फोनवर सांगितलेले नियम पौर्णिमानं पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले आहेत. ताप आला तर गोळी दुप्पट. उलटी झाली आणि गोळी पोटात राहिली नाही तर थेट दवाखाना, विचारत बसायचं नाही. आईनं तो पुठ्ठा काढून कपाटात ठेवला. "येनाऱ्या-जानाऱ्यानं वाचला त?" पौर्णिमानं तो परत लावला. दिवसातून दोनदा हा कार्यक्रम चालतो. काल सुंदरबाई आल्या तेव्हा आई पुठ्ठ्यासमोर उभीच राहिली, गुडघे दुखत असताना, तासभर. मी खुर्ची दिली तर बसली नाही. मग मीच सुंदरबाईंना वाचून दाखवला. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तुझी न बोलण्याची परंपरा कुठून आली ते कळलं.

तू पोरीशी रोज बोलतेस. काय बोलता, मी विचारत नाही. तू तिला माझ्याबद्दल काही सांगितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण आमचं घर लहान आहे आणि उज्ज्वला नि मी एवढ्यात बरंच बोललो आहोत, काही वेळा मोठ्यानं. परवा पौर्णिमा गणितं सोडवत होती. पेन्सिल न थांबवता म्हणाली, "बाबा, तुमी आत्याले कामचुकार म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

"आन् मले?"

मी नाही म्हणणार होतो. शब्द तोंडात तयार होता, घासूनपुसून. मग म्हणालो, "हो. मागच्या वर्षी पालकसभेत. तुझ्या बाईंना म्हणालो की हिला थायरॉइडचं निमित्त सापडलं आहे, जरा कडक राहा."

दोन्ही वेळा तेच वाक्य, वैजू. वीस वर्षांनी एक शब्दही बदलला नव्हता.

"मालूम आहे," पौर्णिमा म्हणाली. "मॅडमनं वर्गात सांगतलं होतं सगळ्याइले." मग वही माझ्याकडे सरकवली. "हे समीकरण पाहा बरं. चिन्ह कुठं चुकलं?"

मला दिसेना. गणितात मी कच्चाच होतो, पण त्यामुळे नव्हे.

उज्ज्वला सांगत होती, तू पुढच्या रविवारी येतेस. नागपूरहून थेट गाडी नाही मिळाली तर अकोल्याला उतर, मदनसिंग घ्यायला येईल. मी येणार नाही, तीन तास एका जीपमध्ये तू तोंड कुठे फिरवशील? तू तिला असंही म्हणालीस म्हणे की तो घरी नसला तरी चालते. तेवढं मात्र मी ऐकणार नाही. मी घरी असेन. बोलू नकोस, जेवायलाही वेगळी बस. पण पौर्णिमासमोर एकदा मला विचार, तुला काय झालं होतं. त्या ओसरीवर तुझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं तसं. या वेळी काय उत्तर द्यायचं ते मला पाठ करावं लागणार नाही.

पहिली गोळी सकाळी सहाला असते. ती मी देतो, ते काम उज्ज्वलाकडून मागून घेतलं आहे. पाण्याचा पेला घेऊन दारात उभा राहतो आणि हाक मारतो. पहिल्या हाकेला पौर्णिमा हलत नाही, कधीच हलत नाही, पोरांची झोप ती. दुसरी हाक मी मारत नाही. पांघरूण वर-खाली होतंय का ते पाहत मी अंधारात तसाच उभा राहतो. तुलाही सकाळी मीच उठवायचो, वैजू. एक हाक मारायचो, तू उठली नाहीस की हसायचो आणि निघून जायचो.

रामकिसन